जे.सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लदुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२ – ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, हिशेबतपासनीस आणि महात्मा गांधींचे सहकारी होते. वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते पहिले चिटणीस. गांधीप्रणीत अर्थविचाराला शास्त्रीय मांडणी देणारे लेखक म्हणून त्यांची ओळख आहे. ग्रामीण कारागिराला मिळणाऱ्या किमान मजुरीचा प्रश्न १९३५ साली वर्ध्यात ऐरणीवर आला, तेव्हा ज्या दोन संस्थांनी तो हाताळला त्यांपैकी एकीचा कारभार कुमारप्पांच्या हाती होता. भारतात किमान वेतनाचा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी झाला.

== सुरुवातीचे जीवन ==

कुमारप्पांचा जन्म तमिळनाडूतील तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस. वडील सरकारी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. घरातील वातावरण शिस्तीचे आणि धार्मिक होते. आईच्या दानधर्माच्या सवयीचा आपल्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी पुढे नमूद केले आहे. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि तेथे त्यांनी व्यवसायात जम बसवला. राहणी पूर्ण पाश्चात्त्य होती.

१९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. तेथे त्यांना अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन लाभले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही काही वर्षे आधी याच सेलिग्मन यांचे विद्यार्थी होते. भारतातील दारिद्र्याचे मूळ ब्रिटिश सरकारच्या करपद्धतीत आणि खर्चाच्या धोरणात आहे, हे कुमारप्पांच्या प्रबंधाचे सूत्र होते. साम्राज्याच्या व्यवहाराचे ताळेबंद तपासता तपासता हा हिशेबनीस राष्ट्रवादी झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

== गांधींशी संबंध ==

प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या खटपटीत असताना मे १९२९ मध्ये कुमारप्पा साबरमती आश्रमात गांधींना भेटले. गांधींनी तो प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापण्याचे ठरवले आणि त्याबरोबरच गुजरातमधील एका ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. घरोघर जाऊन उत्पन्न, कर्ज, शेतसारा आणि रिकामा वेळ यांची नोंद करणारी ही पाहणी ग्रामीण अर्थशास्त्रातील सुरुवातीच्या पद्धतशीर प्रयत्नांत गणली जाते. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून घराण्यातील जुने कुमारप्पा हे नाव धारण केले. मिठाच्या सत्याग्रहानंतर 'यंग इंडिया'च्या संपादनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यापायी त्यांना कारावास घडला.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याचे हिशेब कुमारप्पांनी सांभाळले. स्वयंसेवकाच्या जेवणखर्चासाठी त्यांनी दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली होती. गांधी आपल्या परिवारासह तेथे आले, तेव्हा त्यांचा खर्च मदतनिधीतून करण्यास कुमारप्पांनी नकार दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. गांधींनी तो नकार मान्य केला. तीन आणे हा आकडा पुढच्याच वर्षी वर्ध्यात वेगळ्या संदर्भात पुन्हा पुढे आला.

== वर्धा आणि ग्रामोद्योग संघ ==

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन करण्याचा ठराव केला. डिसेंबरमध्ये वर्धा येथे संघाचे काम सुरू झाले. अध्यक्ष म्हणून वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस व संघटक म्हणून कुमारप्पा यांची निवड झाली. जमनालाल बजाज यांनी आपला बंगला व बाग संघाला दिली. गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी असे नाव पडले. गांधी स्वतः १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास जाईपर्यंत मगनवाडीतच राहत होते. कुमारप्पांचे धाकटे बंधू भारतन हेही संघाच्या कामात सामील झाले.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या होत्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते आणि आसपासच्या खेड्यांत कोरडवाहू शेतीवर राबणारा मजूरवर्ग होता. पेरणी, निंदण आणि वेचणीचे दिवस सोडले तर या मजुराच्या हाताला काम नसे. मगनवाडीतील प्रयोग या रिकाम्या हातांसाठी होते. बैलाच्या तेलघाणीत सुधारणा, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ, साबण आणि खाद्यतेलावर चालणारा मगनदीप असे अनेक उद्योग तेथे तपासले गेले. खेड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ग्रामसेवक विद्यालय निघाले आणि 'ग्रामउद्योग पत्रिका' हे मासिक सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

== किमान मजुरीचा वाद ==

ग्रामोद्योग संघ सुरू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच त्याच्यापुढे एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. खेड्यातील कारागिराला काम मिळवून देणे हे संघाचे उद्दिष्ट होते. परंतु त्या कामाचे दाम किती, हे कोणी ठरवले नव्हते. बाजारात जो दर मिळेल तोच मजुरीचा दर, असा व्यवहार होता. सूतकताईत तर हे फार उघडपणे दिसत असे. चरखा संघासाठी सूत कातणाऱ्या बाईची कमाई दिवसभर बसूनही एक-दोन आण्यांच्या पलीकडे क्वचितच जाई. उपासमारीत तेवढाही आधार मोठा, या युक्तिवादावर खादीचे काम दहा वर्षे चालले होते.

१९३५ च्या मध्यावर गांधींनी हा युक्तिवाद अपुरा असल्याचे मांडण्यास सुरुवात केली. ग्रामोद्योग संघाच्या प्रतिनिधींना त्यांनी एक प्रश्नावली पाठवली. संघाच्या आश्रयाने तयार होणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कारागिराला किमान मजुरी ठरवून द्यावी का, ती आठ तासांच्या कामावर मोजावी का आणि स्त्री व पुरुष यांच्या मजुरीत फरक असावा का, अशी तिची रूपरेषा होती. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, ही गांधींची स्वतःची अपेक्षा होती. त्या काळी विदर्भातील शेतमजुरालाही इतका रोज मिळत नसे, हे ध्यानात घेतल्यास या अपेक्षेने कार्यकर्ते का बिचकले ते समजते.

ऑगस्ट १९३५ मध्ये ग्रामोद्योग संघाच्या मंडळाने किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या मोबदल्यात कारागिराला निदान शास्त्रीय प्रमाणानुसार पुरेसा आहार मिळावा, इतकी मजुरी ठरवावी. आणि परिस्थिती अनुकूल होईल तसतशी ती अशा पातळीपर्यंत वाढवावी, की घरातील कमावत्या माणसांच्या मिळकतीवर सारे कुटुंब नीट जगू शकेल, असा त्या ठरावाचा आशय होता. ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच भरलेल्या चरखा संघाच्या बैठकीत कातणाऱ्यांसाठी असाच ठराव झाला. त्यात आहाराबरोबर वर्षाच्या किमान वस्त्राची गरजही धरली गेली. प्रांतोप्रांतीच्या धान्याच्या भावांनुसार दर वेगळे निघणार होते. महाराष्ट्र शाखेने आठ तासांच्या कताईला तीन आणे हा दर धरला. आठ आण्यांची अपेक्षा अशा रीतीने तीन आण्यांवर आली. पण पूर्वीच्या कमाईच्या मानाने ही वाढही मोठीच होती.

विरोध बाहेरून कमी आणि आतून अधिक झाला. खादीभांडारे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की मजुरी वाढली म्हणजे कापड महागणार, कापड महागले म्हणजे खप घटणार आणि खप घटला की ज्यांच्यासाठी हा खटाटोप करावयाचा त्याच कातणाऱ्या बायकांचे काम जाणार. ज्या बाईला तीन आणे मिळतील तिचे बरे होईल, परंतु जिला काहीच मिळणार नाही तिचे काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांची भीती निराधार नव्हती. कमी मजुरी देऊन अप्रमाणित खादी विकणारे खासगी व्यापारी बाजारात होतेच, आणि संघाची खादी महाग होताच त्यांचा फायदा होणे अटळ होते. शिवाय मजुरी कामाच्या नगावर द्यावयाची आणि हिशेब मात्र तासांवर करावयाचा, ही व्यवहारातली मोठी अडचण होती. मंद हाताने कातणाऱ्या म्हातारीला आणि सराईत कातणारीला एकच दर कसा लावावा? त्यावर उपाय म्हणून चांगला पिंजलेला कापूस, दुरुस्त चरखा आणि कातण्याचे शिक्षण देण्याची जबाबदारी संघाने उचलावी असे ठरले. वाढलेल्या मजुरीचा काही भाग राखून कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, अशी अटही आली. ही अट सर्वांनाच रुचली नाही.

वर्ध्याजवळ नालवाडी येथे विनोबा भावे यांनी याच काळात आपला निर्वाह केवळ कताईच्या मजुरीवर चालवून पाहण्याचा प्रयोग केला. चर्चेपेक्षा या प्रयोगाने मजुरीचा तुटपुंजेपणा अधिक स्पष्ट झाला.

कुमारप्पांनी या वादाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले. वस्तू स्वस्त असणे म्हणजे कोणीतरी तिची पूर्ण किंमत चुकवलेली नसणे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती तूट कुठे कारागिराच्या पोटातून भरून निघते, कुठे वसाहतीतील कच्च्या मालातून, तर कुठे जंगल आणि जमीन यांच्या ऱ्हासातून. म्हणून किंमत आधी ठरवून उरेल ती मजुरी देण्याऐवजी मजुरी आधी ठरवून तिच्यावरून किंमत काढावी, असा त्यांचा आग्रह होता. 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' या १९३६ च्या पुस्तकात त्यांनी ग्राहकाच्या जबाबदारीवर भर दिला: अन्यायाने बनलेली वस्तू विकत घेणारा त्या अन्यायात भागीदार होतो. गिरणीच्या मालाच्या किमतीत कच्चा माल, यंत्रे, वाहतूक आणि नफा यांचा वाटा मोठा असतो. ग्रामोद्योगाच्या मालात बहुतांश पैसा श्रमाच्या पदरात पडतो. दोन वस्तूंचे भाव शेजारी शेजारी मांडून तुलना करणे त्यांना म्हणूनच चुकीचे वाटे.

या मांडणीची एक कमजोर बाजू आहे. सारा भार ग्राहकाच्या विवेकावर पडतो, आणि महाग तेल किंवा महाग कागद घेणारा विवेकी ग्राहक मुख्यतः शहरातच सापडतो. ग्रामोद्योग संघाजवळ कायद्याचे बळ नव्हते; आपल्या दुकानांना आणि उत्पादकांना दिलेली प्रमाणपत्रे काढून घेणे, एवढाच दंड त्याच्या हाती होता. खेड्यातील शेतमालकाला किंवा हिंगणघाटच्या गिरणीला तो लागू पडत नव्हता. पुढे १९४४ नंतर चरखा संघाने विक्रीच्या खादीपेक्षा स्वतःपुरत्या कापडावर भर देण्याचे नवे धोरण घेतले आणि खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने घेण्याचा नियम केला. मजुरी वाढवावयाची की मजुरीवरचे अवलंबनच कमी करावयाचे, हा पेच त्या धोरणातही कायम होता.

== प्रांतिक राजकारण आणि औद्योगिक पाहणी ==

१९३७ च्या निवडणुकांनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. वर्धा जिल्हा त्याच प्रांतात होता आणि गांधींच्या वास्तव्यामुळे काँग्रेस कार्यकारिणीच्या अनेक बैठका तेथे होत. जुलै १९३८ मध्ये मुख्यमंत्री ना. भा. खरे यांना पायउतार व्हावे लागले आणि रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. या प्रकरणाचा निर्णायक भागही वर्ध्यातच घडला. हिंदी आणि मराठी भाषक गटांतील चुरशीने गाजलेल्या या राजकारणात मजुरीच्या प्रश्नाला फारसा वाव नव्हता. कापडगिरण्यांतील कामगारांच्या पगाराची चौकशी मुंबई प्रांतात नेमलेल्या समितीने हाती घेतली होती. पण असंघटित ग्रामीण कारागीर आणि शेतमजूर यांच्या बाजूने बोलणारी संघटना विधिमंडळात किंवा बाहेर जवळपास नव्हती.

प्रांतिक सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. मातरची पद्धत त्यांनी येथे मोठ्या प्रमाणावर वापरली. ६०६ खेड्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील उद्योग का बुडाले, कच्चा माल कोठे जातो आणि त्याच्यावर जागच्या जागी प्रक्रिया करून किती लोकांना काम देता येईल, याची त्यात तपासणी होती. वने, खनिजे आणि इतर साधने यांचा वापर सरकारने महसूल वाढवण्यासाठी न करता लोकांचा रोजगार डोळ्यांपुढे ठेवून करावा, हा त्यांचा सातत्याचा आग्रह होता. परंतु नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अहवाल अंमलबजावणीवाचून राहिला.

सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. ग्रामोद्योग संघाचे प्रतिनिधी म्हणून कुमारप्पा तिच्यावर गेले. पण समितीचा सारा कल मोठ्या उद्योगांकडे असल्याचे पाहून ते लवकरच बाहेर पडले. नेहरूंशी त्यांचे मतभेद पुढेही मिटले नाहीत.

== कारावास आणि ग्रंथलेखन ==

'भारत छोडो' आंदोलनाच्या काळात त्यांना पुन्हा अटक झाली. युद्धखर्चासाठी सरकार भरमसाट नोटा छापून शेतकऱ्याकडून धान्य उचलत आहे आणि त्याच्या हाती किंमत घटत जाणारा कागद ठेवत आहे, अशी टीका करणारा त्यांचा लेख सरकारला झोंबला होता. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'. दोन्हींना गांधींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातील उदाहरणे घेऊन अर्थव्यवस्थांचे परोपजीवी, लुटारू, उद्यमशील, समूहनिष्ठ आणि सेवाप्रधान असे प्रकार केले. पुन्हा न भरून येणारी खनिजसंपत्ती आणि दरवर्षी नव्याने मिळणारी वनस्पतिसंपत्ती यांतील भेद त्यांनी अर्थविचाराच्या पायाशी आणला. पर्यावरणाची चर्चा रूढ होण्यापूर्वीची ही मांडणी असल्यामुळे अलीकडच्या अभ्यासकांनी तिच्याकडे विशेष लक्ष दिले आहे. गांधींनी त्यांना विनोदाने ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवी देऊन टाकली होती.

== स्वातंत्र्यानंतर ==

किमान वेतनाचे विधेयक आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले गेले आणि जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४८ मध्ये कायद्यात रूपांतरित झाले. तेलघाण्या, तांदूळ-पीठ-डाळीच्या गिरण्या, विडी व तंबाखू असे उद्योग परिशिष्टाच्या पहिल्या भागात आणि शेती दुसऱ्या भागात घातली गेली. दर ठरवण्याचे काम मुख्यतः राज्य सरकारांवर सोपवले गेले. शेतीच्या बाबतीत मात्र ठरलेली मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात त्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. येथे सालदार वर्षाच्या करारावर राबतो, कापसाची वेचणी वजनावर होते आणि निंदणाचा रोज हंगामानुसार बदलतो. त्यांना तासांच्या आणि रोजाच्या मापात बसवणे १९३५ मध्ये कताईला बसवण्याइतकेच कठीण होते. शिवाय दर ठरवणाऱ्या विधिमंडळांत शेतमालकांचे वजन मजुरांच्या मानाने कितीतरी अधिक होते.

काँग्रेसने १९४७ च्या अखेरीस नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे कुमारप्पा अध्यक्ष होते. १९४९ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाराला जमिनीवरील हक्क, परवडणाऱ्या धारणक्षेत्राच्या तिपटीपर्यंत कमाल मर्यादा आणि सहकारी शेती यांची शिफारस केली. शेतमजुरांच्या स्थितीचाही तिने विचार केला. भूमिहीनाच्या मजुरीचा प्रश्न जमिनीच्या मालकीपासून वेगळा करता येत नाही, हे या अहवालातून दिसते. राज्य सरकारांनी त्यातील सोयीच्या शिफारशी उचलल्या आणि कमाल मर्यादेसारख्या गैरसोयीच्या शिफारशी अनेक वर्षे लांबवल्या.

सरकारी धोरणाविषयी निराश झालेल्या कुमारप्पांनी १९५० नंतर वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम काढला. पन्नई हा तमिळ शब्द शेतमळ्यासाठी वापरला जातो. गावाच्या संतुलित आहाराची गरज आधी ठरवून त्याप्रमाणे पिकांची आखणी करणे, असे तेथील प्रयोगाचे स्वरूप होते. मजुरी ठरवताना आहाराचे जे प्रमाण वापरले गेले होते, तेच आता पीकरचनेला लावले जात होते. याच काळात त्यांनी चीन, जपान आणि सोव्हिएत संघ यांचे दौरे केले. चीनमधील जमीनसुधारणांविषयी त्यांनी अनुकूल लिहिल्यामुळे सर्वोदयी वर्तुळातील काहीजण नाराज झाले.

== अखेरची वर्षे ==

प्रकृती ढासळू लागल्यावर कुमारप्पा तमिळनाडूतील कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. ते अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि वर्धा जिल्ह्यातील शेतमजुराचे किमान दर ठरवण्याचा अधिकार मुंबईतील सरकारकडेच राहिला.

मगनवाडीत मगन संग्रहालय आजही चालू आहे. त्याच परिसरात ग्रामोद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. जयपूर येथील कुमारप्पा ग्रामस्वराज संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.